नकलेवरची जमीन

कॉपीहोल्ड म्हणजे नकलेवर धरलेली जमीन. मूळ नोंद जमीनदाराच्या दप्तरात असायची आणि कसणाऱ्याच्या हातात त्या नोंदीची नक्कल. इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या एका कागदाच्या (खरं तर चर्मपत्राच्या) तुकड्यावर जगल्या. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात ताटकळलेलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मला तरी लागलं नाही. शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा वहीच्या समासात 'उतारा' एवढंच लिहिलं आणि पुढे वाचायला लागले.

पण पुढे वाचत गेले तसा एक प्रश्न अडून बसला. या लोकांकडे नक्कल होती. त्या नकलेला राजाची कोर्टंसुद्धा मानत होती. मग यांची जमीन गेली कशी?

मी तेव्हा लेस्टरला शिकत होते. विषय डेटा सायन्स, म्हणजे शेतीशी काडीचा संबंध नसलेला. खोली घेतली होती शहराच्या दक्षिणेला विगस्टनमध्ये, कारण तिथलं भाडं परवडत होतं. विगस्टन आता लेस्टरला चिकटूनच गेलंय. बसथांबे, सुपरमार्केट, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं चिकनचं दुकान. दोन जुनी चर्च मात्र अजून उभी आहेत, त्यांच्यामुळे गावाला पूर्वी 'दोन शिखरांचं विगस्टन' म्हणत. एकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहज गावाचं नाव टाकून शोधलं तर डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांचं 'द मिडलंड पेझंट' हे १९५७ सालचं पुस्तक निघालं. एका गावातल्या शेतकऱ्यांचा शेकडो वर्षांचा इतिहास, आणि ते गाव म्हणजे मी जिथे भाडं भरत होते ते. असाइनमेंट बाजूला राहिली.

आधी मॅनर म्हणजे काय ते सांगते. आता हा शब्द मोठ्या जुन्या वाड्यासाठी वापरतात, पण मुळात मॅनर म्हणजे एका धन्याच्या हक्काखालचा मुलूख. कोकणातल्या वाचकाने खोताचं गाव डोळ्यांसमोर आणावं, अगदी तंतोतंत नाही, पण बरंचसं जमेल. इंग्लंडच्या मध्य भागात अशा गावाची शेती दोन-तीन मोठ्या शिवारांत असायची. शिवारांना कुंपण नाही. प्रत्येकाची जमीन लांब अरुंद पट्ट्यांत विखुरलेली, एक पट्टा इथे तर दुसरा पार ओढ्यापलीकडे. एका शिवारात गहू, दुसऱ्यात सातू किंवा वाटाणा-घेवडा, तिसरं पडीक, आणि दर वर्षी फेरपालट. पीक निघालं की साऱ्या गावाची गुरं त्या सडावर चरायची. शिवाराबाहेर गायरान आणि पड जमीन. तिथे गाय बांधायची, हंस सोडायचे, चुलीसाठी काटेरी झुडपं तोडायची.

या पट्ट्यांपैकी काही धन्याचे स्वतःचे, काही स्वतंत्र मालकांचे, आणि पुष्कळसे कॉपीहोल्डरांचे. कॉपीहोल्डर मेला की त्याचा वारस मॅनरच्या कोर्टात हजर व्हायचा. विकायची असेल तर कूळ कारभाऱ्यासमोर एका काठीचं टोक धरून जमीन धन्याच्या हाती परत द्यायचं, मग तीच काठी घेणाऱ्याच्या हातात जायची. झाला फेरफार. नोंद दप्तरात, नक्कल हातात. आत येताना धन्याला नजराणा द्यायचा. आणि जुनं कूळ मेलं की, पुष्कळ गावांत, त्याच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याचं. माझ्या सगळ्यात डोक्यात गेलेली गोष्ट ही. घरात मढं आणि दारात कारभारी, बैल निवडायला.

तरीही या व्यवस्थेत एक ताकद होती. कॉपीहोल्डचे नियम ठरायचे 'मॅनरच्या रिवाजाप्रमाणे', आणि रिवाज काय आहे हे सांगायचा मान त्या कोर्टात पंच म्हणून बसलेल्या कुळांचा. आपल्याकडे वहिवाट म्हणतात तीच ही. नजराणा किती, विधवेला नवऱ्याची जमीन ठेवता येते का, एकाने गायरानात किती गुरं सोडायची, हे म्हाताऱ्यांच्या आठवणीत असायचं आणि तिथून दप्तरात उतरायचं. एका गावात एक, शेजारच्या गावात दुसरंच. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून राजाच्या न्यायाधीशांनीही हा रिवाज मानायला सुरुवात केली. कुळाने रिवाज पाळला असेल तर धनी त्याला असंच उठवून लावू शकत नाही, असं सोळाव्या शतकात बऱ्यापैकी पक्कं झालं. सतराव्या शतकात एडवर्ड कोकसारख्या कायदेपंडिताने कॉपीहोल्डरांवर आख्खा ग्रंथ लिहिला.

म्हणजे कागद पक्का होता. गोम होती नजराण्यात.

काही मॅनरांत नजराणा ठरलेला असे. इतके शिलिंग, बापाने दिले तितकेच मुलाने द्यायचे. तिथली कुळं जवळजवळ मालकच. पण पुष्कळ मॅनरांत तो धन्याच्या मर्जीवर होता. वर काही ठिकाणी कॉपीहोल्ड वंशपरंपरेने नव्हताच, दोन किंवा तीन माणसांच्या हयातीपुरता होता: बाप, आई, मुलगा. तिसरा गेला की नक्कल संपली, पुन्हा द्यायची की नाही ते धन्याने बघायचं. लोकरीला भाव आल्यावर ज्या धन्याला मेंढ्यांसाठी सलग कुरण हवं होतं, त्याला कायदा मोडायची गरज नव्हती. त्याने म्हाताऱ्या कुळाच्या मरणाची वाट पाहायची आणि पोरापुढे त्याला झेपणार नाही असा आकडा ठेवायचा. पुढे कोर्टांनी नजराणा 'वाजवी' असावा असं म्हणायला सुरुवात केली, हळूहळू दोन वर्षांच्या उत्पन्नाइतका अशी मर्यादाही रुळली. पण कोर्ट लंडनमध्ये आणि पोरगा गावात. त्याच्या खिशात नजराण्याला पैसे नव्हते, तर वकिलाला कुठून असणार?

१५४९ च्या उन्हाळ्यात नॉरफोकमध्ये जे झालं ते मला या प्रश्नाचं सगळ्यात उघड उत्तर वाटतं. विंडम नावाचं गाव. (स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका, त्यातली अर्धी अक्षरं शोभेची आहेत.) जुलैत तिथल्या जत्रेनंतर लोक कुंपणं तोडायला निघाले. फ्लावरड्यू नावाच्या एका जमीनदाराने स्वतःची कुंपणं वाचवायला त्यांना पैसे दिले आणि रॉबर्ट केटच्या कुंपणांकडे पाठवलं. केट कातडी कमावण्याच्या धंद्यातला, बऱ्यापैकी जमीनजुमला असलेला, वय पन्नाशीच्या पुढे. त्यानेही जमिनीला कुंपण घातलं होतंच. लोक दारात आल्यावर त्याने त्यांचं ऐकून घेतलं, तुमचं बरोबर आहे म्हणाला, आणि स्वतःचीच कुंपणं तोडायला त्यांच्याबरोबर उभा राहिला. मग सगळे फ्लावरड्यूकडे गेले. काही दिवसांत नॉरिच शहराबाहेर मूसहोल्डच्या माळावर सुमारे सोळा हजारांची छावणी पडली.

त्या छावणीतून राजाकडे २९ मागण्या गेल्या. मी त्या वाचल्या तेव्हा कुंपणांबद्दल पानंच्या पानं असतील असं धरून चालले होते. कुंपणांचा विषय पहिल्याच मागणीत येतो आणि जवळजवळ तिथेच संपतो, तोही गमतीशीर रीतीने: ज्यांनी केशराच्या शेतांना कुंपण घातलंय त्यांना त्रास देऊ नये, त्यांचा खर्च फार झालाय, पण यापुढे कुणी कुंपण घालू नये. बंडखोरांमध्येही कुंपणवाले होते, उघडच आहे. बाकीच्या मागण्यांत मात्र कुळाचं रोजचं दुखणं आहे. धन्याने गावच्या गायरानात स्वतःची गुरं सोडू नयेत. ज्या कॉपीहोल्डवर भरमसाट खंड लावलाय तो सातव्या हेन्रीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १४८५ साली होता तेवढाच असावा. कूळ मेलं किंवा जमीन विकली तर नजराणा हलका असावा, एखादा कोंबडा, नाहीतर आठवणीपुरती वाजवी रक्कम.

कोंबडा! मी ते वाक्य दोनदा वाचलं. आठवणीपुरता नजराणा द्यायला ही माणसं तयार होती. धनी नकोच असं त्या मागणीत म्हटलेलं नाही. दप्तर राहू दे, काठी राहू दे, फक्त माझ्या मुलाला आत येता येईल एवढी फट ठेवा, इतकंच. ऑगस्टच्या अखेरीस अर्ल ऑफ वॉरिकच्या फौजेने डसिंडेलला त्यांना चिरडलं, सुमारे तीन हजार मेले असं सांगतात. ७ डिसेंबरला केटला नॉरिचच्या किल्ल्याच्या भिंतीवरून फासावर लटकवलं. १९४९ साली, बरोबर चारशे वर्षांनी, त्याच किल्ल्यावर त्याच्या सन्मानाची पाटी लागली.

आता घरचं सांगते, कारण या वाचनात मी कुणाच्या बाजूने बसले होते ते त्याशिवाय कळणार नाही.

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दुसऱ्याची जमीन निम्म्या वाट्याने कसायचे. मालक पुण्याला. सगळा व्यवहार तोंडी. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याप्रमाणे कसणारं कूळ मालक झालं, पण ज्याचं नाव कूळ म्हणून लागलेलं होतं ते. आमच्या तुकड्याच्या पीकपाहणीत वर्षानुवर्षं 'खुद्द' असं लिहिलं जात होतं, म्हणजे मालक स्वतःच कसतोय. शेजारच्यांचं नाव लागलेलं होतं, ते मालक झाले. आमचे पणजोबा काही वर्षांनी त्याच जमिनीवर रोजाने जायला लागले. आजी तेव्हा नवी नवरी होती. ती अजून सांगते, "नांगर आमचा, बैलं आमची, अन् कागद तेवढा त्यांचा."

त्यामुळे इंग्लंडच्या इतिहासातला कॉपीहोल्डर मला सुरुवातीला बिचारा वाटेचना. माझ्या लेखी तो नाव लागलेला माणूस होता, आमचा शेजारी. त्याचं रडगाणं वाचताना मनात कुठेतरी येत होतं, अरे तुझ्याकडे नक्कल तरी होती! अठराव्या शतकापर्यंत आले तेव्हा दिसलं की हे वाटणं पूर्ण चूक नाही, पण पुरेसंही नाही.

अठराव्या शतकात कुंपण घालायची रीत बदलली. आता एकेका गावासाठी पार्लमेंटमध्ये वेगळा कायदा करून घ्यायचा. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले, त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त. कायद्याला गावाची संमती लागे, पण डोकी मोजत नसत, जमीन मोजत. तीन चतुर्थांश ते चार पंचमांश जमीन ज्यांची, ते हो म्हणाले की झालं, मग ते चौघेच का असेनात. त्यानंतर आयुक्त यायचे, मोजणीदार यायचे, प्रत्येकाने आपला हक्क लेखी मांडायचा. जुनी शिवारं, पट्टे, गायरान सगळं एकत्र करून नव्याने वाटणी. पड जमिनीवरच्या धनीपणाबद्दल धन्याला वेगळा वाटा, सोळावा किंवा विसावा असा काहीतरी. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यावा लागायचा, त्याच्या बदल्यात चर्चला किंवा तो हक्क ज्याच्याकडे असेल त्याला जमिनीचा मोठा तुकडा. उरलेलं बाकीच्यांत.

कॉपीहोल्डरला यात वाटणी मिळायची, हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्याला कुणी हाकललं नाही. विखुरलेल्या पट्ट्यांच्या आणि गायरानातल्या हक्काच्या बदल्यात त्याला एकाच ठिकाणी तुकडा मिळाला. गंमत म्हणजे कॉपीहोल्डबद्दल मिळालेला तुकडा बहुधा कॉपीहोल्डच राही, म्हणजे नवी जमीन, नवं कुंपण, पण नजराणा आणि मेल्यावरचं जनावर जुनंच. ज्याच्याकडे शंभर-दीडशे एकर होते त्याचं यात भलं झालं. आता हवं ते पेरा, हवं तेव्हा पेरा, शेजाऱ्याची गुरं येणार नाहीत. मोठ्या कॉपीहोल्डरांनी अशा कायद्यांच्या बाजूने सह्या केल्या यात मला नवल वाटत नाही.

लहान माणसाला मारलं ते कुंपणाने. अक्षरशः कुंपणाने. निवाड्यात सांगितलेल्या मुदतीत ज्याने त्याने आपल्या तुकड्याला कुंपण घालायचं, स्वतःच्या खर्चाने. हॉथॉर्नची रोपं लावायची, ती गुरं अडवण्याइतकी वाढेपर्यंत काही वर्षं जातात, तोवर दोन्ही बाजूंना लाकडी कठडे. शिवाय कायद्याचा, मोजणीचा, रस्त्यांचा खर्च सगळ्यांवर वाटलेला. चर्चच्या तुकड्याचं कुंपणही पुष्कळदा बाकीच्यांच्याच डोक्यावर.

इथे मला माझ्या विषयाचा एकदाचा उपयोग झाला. समजा एका कॉपीहोल्डरला १० एकरांचा चौकोनी तुकडा मिळाला. त्याची बाजू येते साधारण २०० मीटर, म्हणजे कुंपण ८०० मीटर, एकरी ८० मीटर. आता १६० एकरवाला घ्या. जमीन सोळापट, पण बाजू फक्त चौपट. कुंपण ३,२०० मीटर, एकरी २० मीटर. म्हणजे लहान माणसाला एकरामागे चौपट खर्च, आणि यात कुणी लबाडी केलेली नाही. आयुक्त देवमाणूस असला, मोजणी काट्याच्या टोकावर बरोबर असली, तरी भूमिती मोठ्याच्या बाजूने आहे. शेजाऱ्याशी बांध सामाईक असेल तर खर्च निम्मा होतो, पण तो दोघांचाही होतो. कितीतरी लहान शेतकऱ्यांनी कुंपण वाढायच्या आत तुकडा विकून टाकला. जे. एम. नीसन यांनी १९९३ च्या पुस्तकात लेस्टरशेजारच्या नॉर्दम्प्टनशरमधल्या गावांच्या नोंदी तपासून हेच दाखवलंय. कुंपणबंदी झालेल्या गावांत लहान जमीनधारक झपाट्याने कमी झाले.

आणि गायरान गेलं. नकलेवर पट्टे मोजून लिहिलेले असत. गायीचं दूध, चुलीची झुडपं, सडावरची चराई, सुगीनंतर वेचलेले दाणे यांतलं काही हक्क म्हणून मोजलं गेलं, काही मोजलंच गेलं नाही. दहा एकरांवर घर चालत नसे. दहा एकर आणि गायरान यांच्यावर चालत असे. वाटणी झाली तेव्हा दहाचे अकरा झाले असतील, पण गाय बांधायला जागा उरली नाही.

याहून खालची पायरी म्हणजे ज्यांची नक्कलच नव्हती ते. तोपर्यंत पुष्कळ कॉपीहोल्डर स्वतः कसत नव्हते. नक्कल लंडनमधल्या व्यापाऱ्याकडे किंवा जवळच्या गावातल्या वकिलाकडे, आणि झोपडीत राहून गाय चारणारा दुसराच कुणी, वर्षाच्या भाड्याने. गायरानातला हक्क त्या झोपडीला चिकटलेला. त्याबद्दलची वाटणी झोपडीच्या मालकाला मिळाली, गाय मात्र दुसऱ्याची होती. आयुक्तांपुढे हा माणूस काय मांडणार? तो चाळीस वर्षं तिथे गाय चारत होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. दप्तरात मात्र 'खुद्द'. माझ्या पणजोबांना विगस्टनच्या वाचनात मी इथे भेटले.

विगस्टनचा कायदा १७६४ चा, वाटणी पुरी झाली १७६६ ला. हॉस्किन्स यांच्या पुस्तकातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणणं साधं आहे. त्याआधी गावातल्या माणसाला जगायला लागणाऱ्या पुष्कळ गोष्टी पैशाशिवाय मिळत होत्या. त्यानंतर दूध, सरपण, धान्य सगळंच विकत. गावात मोजे विणायचे माग वाढले, भाड्याने घेतलेल्या यंत्रावर तुकड्याच्या मजुरीने काम. त्या विणकरांचं एक घर आजही गावात संग्रहालय म्हणून जपलंय. माझ्या बसच्या रस्त्यापासून ते फार लांब नव्हतं. अरुंद जिना चढून माग असलेल्या खोलीत गेलं की भल्यामोठ्या खिडक्या दिसतात, उजेड पुरावा म्हणून. त्या खिडक्यांतून दिसतील एवढ्याच अंतरावर त्यांच्या आज्यांच्या गायी चरत असतील.

इंग्लंडचं बरचंसं खेडं म्हणून आपल्याला जे चित्र आवडतं, हिरवी चौकोनी शेतं आणि मधून हॉथॉर्नच्या रांगा, ते पुष्कळ ठिकाणी या वाटण्यांनी काढलेलं आहे. लेस्टरहून गाडीने निघालं की कुरणांमध्ये लाटांसारखे उंचवटे दिसतात, विशेषतः हिवाळ्यात सूर्य खाली असताना. ते जुन्या नांगरटीचे पट्टे. वर गवत आलं, मेंढ्या आल्या, पण वळ्या राहिल्या. इन्स्टाग्रामवर लोक त्यांचे सुंदर फोटो टाकतात.

कुंपण न पडलेलं गाव कसं दिसतं ते बघायला एकदा मैत्रिणीच्या गाडीतून नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला गेले. तिथे तीन शिवारं अजून आहेत. वेस्ट, साउथ आणि मिल. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने १६३५ साली काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डला आहे, त्यात पट्टे आहेत आणि नांगरणारी चिमुकली माणसंही. १९५२ साली सरकारने हे गाव विकत घेतलं, पुढे ते क्राउन इस्टेटकडे गेलं, २०२० साली पुन्हा एका खाजगी इस्टेटकडे. मॅनरचं कोर्ट तिथे दर वर्षी भरतं. पंच शिवार फिरून बघतात, आणि कुणी नांगर गवताच्या सामाईक पट्टीत घातला असेल तर दंड करतात. मी गेले तेव्हा थंडी होती, चिखल होता, आणि कुंपण नसलेलं शेत इतकं मोठं दिसत होतं की सातारकडच्या माळाची आठवण झाली. खोत आणि कूळ असले शब्द घेऊन मॅनरकडे बघणारी मी पहिली नाही याचंही तिथेच बरं वाटलं. हेन्री मेन कलकत्त्यात सरकारचे कायदा-सदस्य होते. परतल्यावर १८७१ साली पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गावगाड्यांवर त्यांनी पुस्तक काढलं. त्यांचा विचार असा, की हिंदुस्थानातली जिवंत गावं बघितली तर इंग्लंडचं मेलेलं गाव समजेल.

त्याच १८७१ सालची आणखी एक गोष्ट. नोकरीसाठी मी लंडनला आले, आणि रविवारी हॅम्पस्टेड हीथवर जायची सवय लागली. हा वहिवाटीचा माळ आज लंडनमध्ये उघडा आहे तो कॉपीहोल्डरांमुळे. मॅनरचे धनी सर थॉमस मेरिऑन विल्सन. बापाच्या मृत्युपत्रामुळे त्यांना घरबांधणीसाठी लांब मुदतीचे पट्टे देता येत नव्हते, म्हणून १८२९ पासून ते पार्लमेंटकडे पुन्हा पुन्हा परवानगी मागत राहिले. दर वेळी हॅम्पस्टेडचे कॉपीहोल्डर आडवे आले. १८६६ ला विल्सन यांनी माळावर बांधकाम काढलं, माळाची वाळू मिडलंड रेल्वेला विकली, तेव्हा गर्नी होर यांनी कॉपीहोल्डरांच्या हक्काच्या नावाने त्यांना कोर्टात खेचलं. दावा चालू असतानाच १८६९ ला विल्सन वारले. त्यांच्या भावाने ४५,००० पौंडांना माळावरचा हक्क सोडला आणि कायद्याने हीथ लोकांसाठी खुलं राहिलं.

तीच नक्कल, तोच रिवाज, तसाच धनी. फरक इतकाच की होर बँकर होते. हॅम्पस्टेडच्या नकला धारण करणाऱ्यांत बंगलेवाले, व्यापारी, वकील होते. चाळीस वर्षं खर्च करायला आणि खासदाराला जेवायला बोलवायला ज्यांना परवडतं, अशी कुळं. त्यांच्यातल्या काहींची घरं स्वतः याच माळाच्या कडेचे तुकडे धन्याकडून नकलेवर घेऊन बांधलेली होती, हेही आहेच. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही, दर रविवारी त्यांच्या गवतावर बसते. पण एकरी ८० मीटर कुंपणवाल्याकडे असा एक होर असता तर, हे मनात येतंच.

कॉपीहोल्ड १९२२ च्या कायद्याने रद्द झाला, १ जानेवारी १९२६ पासून. उरल्यासुरल्या नकलेवरच्या जमिनी त्या दिवशी मालकीच्या झाल्या, काठी कायमची गेली. धन्याचे काही जुने हक्क मात्र राहिले, त्यात जमिनीखालच्या खनिजांचा. त्यांतले पुष्कळसे सरकारी नोंदणीत नव्हते, ते संरक्षित ठेवायचे तर ऑक्टोबर २०१३ पूर्वी नोंदवा असं ठरलं, आणि मुदत जवळ आली तशी हजारो घरांना पत्रं गेली. घर तुमचंच, पण खालचं जे काही आहे त्यावर अमुक मॅनरच्या धन्याचा दावा नोंदवलाय. लोक इतके भडकले की पार्लमेंटच्या एका समितीला त्यावर चौकशी करावी लागली. पत्र मिळालेल्यांत असेही होते की ज्यांनी मॅनर हा शब्द फक्त टीव्हीवरच्या मालिकांत ऐकला होता.